माडावरून पडलेला माणूस आणि इस्पितळाची तयारी

वाड्यावर एखादा पाडेली माडावरून पडला, की शेजारीपाजारी धावत येतात. तो बोलतो, पाणी मागतो. मग "बोलतोय ना, भय नाही" असे म्हणून त्याला उचलून रिक्षात बसवतात. येथेच चूक होते. बोलणाऱ्या माणसाच्याही पोटात रक्त वाहत असू शकते.

मोठ्या इस्पितळांत अशा जखमींसाठी शस्त्रक्रिया करणारे, भूल देणारे, क्ष-किरण काढणारे व परिचारिका यांची तुकडी असते. जखमी दारात येण्यापूर्वीच ती सज्ज हवी. पण प्रत्येक खरचटलेल्यासाठी सर्वांना हातचे काम टाकून बोलावता येत नाही. म्हणून काही खुणा ठरवल्या आहेत. अमेरिकेत २०२१ साली सुधारलेली यादी आम्ही येथे थोडक्यात देतो.

पहिली खूण शरीराच्या स्थितीची. सांगितल्याप्रमाणे हात हलवता न येणे. श्वास मिनिटाला १० पेक्षा कमी किंवा २९ पेक्षा जास्त असणे. रक्तदाबाचा वरचा आकडा ९० च्या खाली, आणि ६५ वर्षे व त्यापुढील माणसांत ११० च्या खाली असणे.

दुसरी जखमेची. डोके, मान, छाती किंवा पोटात शिंग वा हत्यार घुसणे. हातपाय लुळे पडणे. कमरेचे हाड मोडणे. यंत्रात हात चिरडणे. सतत दाबून धरावे लागेल असा रक्तस्राव.

तिसरी अपघात कसा घडला याची. १० फुटांहून अधिक उंचीवरून पडणे, वाहनातून बाहेर फेकले जाणे. माड तर याहून कितीतरी उंच!

चौथी त्या माणसाची. म्हातारपण, पाच महिन्यांपुढचे गरोदरपण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या.

पहिल्या दोन खुणांना अधिक वजन आहे. या नियमाने तुकडी कधी कधी विनाकारण धावते, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. १०० पैकी २५ ते ३५ वेळा असे झाले तरी ते चालवून घेतात. परंतु खरा गंभीर जखमी १०० मध्ये ५ पेक्षा जास्त वेळा निसटता कामा नये, असा त्यांचा दंडक आहे.

तेव्हा १०८ ला फोन करताना नुसते "माणूस पडला, लवकर या" म्हणू नका. किती उंचीवरून पडला, शुद्धीवर आहे का, श्वास कसा आहे, रक्त कोठून वाहते, वय काय, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे सांगा. गाडी येईपर्यंत त्याला बसवू नका, ओढू नका, पाणी पाजू नका. वाहती जखम स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरा. आत रुतलेली वस्तू मात्र उपसू नका.

तुकडी सज्ज करण्याची वेळ आपल्या त्या चार वाक्यांपासून सुरू होते, हे घरातल्या सर्वांना, मुलांनाही, सांगून ठेवावे.