घरच्या पैशालाही व्याज असतं

बेळगावच्या कॅम्पातून खानापूर रोडने निघालं की टिळकवाडीपलीकडे उद्यमबाग लागते. फाउंड्र्या, मशीन शॉप, हायड्रॉलिक्सचे कारखाने. तिथल्या मालकांना बँकेचा व्याजदर दशांशापर्यंत तोंडपाठ असतो. स्वतः घातलेल्या भांडवलाचा दर विचारला, तर बहुधा उत्तर येतं, "ते घरचंच की!" ही समजूत चांगले चाललेले धंदे आतून पोखरते.

हिशेबापुरती एक फाउंड्री धरू. तिच्यात 10 कोटी गुंतलेत. 6 मालकांचे, 4 बँकेचे. बँक 10 टक्के घेते. व्याज हा खर्च म्हणून वजा होतो, तेवढा कर वाचतो. कर 25 टक्के धरला, तर कर्ज साडेसात टक्क्यांना पडलं. मालकाच्या पैशाचा दर मात्र कुठल्याच कागदावर लिहिलेला नसतो. तो काढावा लागतो. सरकारी रोख्यांत निर्धास्त 7 टक्के मिळतात असं समजा. शेअर बाजाराची जोखीम घेणारा त्यावर आणखी साडेसात मागतो. गाड्यांचा खप घसरला की कास्टिंगच्या ऑर्डरी त्याहून जोरात घसरतात; बाजाराच्या तुलनेत हा हेलकावा मोजणारा आकडा म्हणजे बीटा. शेअर बाजारात नसलेल्या कंपनीला तो नोंदलेल्या फाउंड्र्यांवरून, कर्जाचा फरक लक्षात घेऊन, ठरवावा लागतो. तो 1.2 धरला की साडेसाताचे 9 होतात आणि मालकाच्या पैशाचा दर 16 टक्के.

आता ज्याचा जेवढा वाटा, तेवढं त्याचं वजन. 16 चे 60 टक्के 9.6, साडेसाताचे 40 टक्के 3. बेरीज 12.6 टक्के. हा भांडवलाचा भारित सरासरी खर्च. वाटे मात्र आजच्या किमतीने धरायचे, ताळेबंदातल्या जुन्या आकड्यांनी नव्हे.

नवी मोल्डिंग लाइन कर भरून 11 टक्के देणार असेल, तर बँकेच्या 10 टक्क्यांपुढे ती फायद्याची दिसते. पण 12.6 टक्क्यांपुढे ती तोट्याची आहे.

मग स्वस्त कर्जच वाढवावं का? कर्ज वाढलं की मंदीतही हप्ते चुकत नाहीत, मालकाची जोखीम वाढते आणि त्याच्या पैशाचा दरही चढतो. करबचतीपलीकडे यात फारसं हाती लागत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ मोदिग्लियानी आणि मिलर यांनी 1958 पासून मांडलं.

मालकाची जोखीम म्हणजे काय, ते पाहा. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना 1910 मध्ये इथली कारखान्याची जागा सोडावी लागली. औंधच्या राजांनी माळरान दिलं, कर्जही दिलं. पण निवडुंगाच्या त्या माळावर कारखाना बुडाला असता तर आयुष्याची कमाई किर्लोस्करांची गेली असती. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली, तेव्हा त्या जोखमीत भागधारकही वाटेकरी झाले. जोखीम घेणाऱ्याला मोबदला हवाच, मग तो राजा असो, भागधारक असो की मालक स्वतः.

नव्या मशीनसाठी कर्जाचा अर्ज भरण्याआधी आपल्या सीएंकडून भांडवलाच्या खर्चाचा हा एक आकडा काढून घ्या.