४,२९,४९,६७,२९७ : फर्माच्या नियमाला अडलेली संख्या

२ चा ३२ वा घात घेऊन त्यात १ मिळवल्यास ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मिळते. सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती प्येर द फर्मा याने २ च्या घातांकाच्या जागी १, २, ४, ८ आणि १६ घेऊन प्रत्येक उत्तरात १ मिळवला, तेव्हा ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या हाती आल्या. पाचही मूळ, म्हणजे १ व स्वतः यांखेरीज कशानेही निःशेष भाग न जाणाऱ्या. एवढ्यावरून पुढची, घातांक ३२ असलेली संख्याही मूळच असणार, असा त्याचा समज झाला. सिद्धता आपल्यापाशी नाही हे त्याने १६४० मधील पत्रात लिहिले, तरी नियमाच्या खरेपणाविषयी त्याला शंका नव्हती. १७३२ मध्ये लिओनार्ड ऑयलरने या संख्येला ६४१ ने भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो, हे दाखवून दिले.

ऑयलरला ६४१ हा अवयव निव्वळ चिकाटीने किंवा दैवाने सापडला, असे मानणे बरोबर नाही. संख्येचे वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे आहे आणि तेथवर ६,५४२ मूळ संख्या आहेत. परंतु या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवाला ६४ ने भागल्यास बाकी १ च उरली पाहिजे, असे ऑयलरनेच पुढे सिद्ध केले. ही अट पाळणाऱ्या मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ अशा आहेत; म्हणजे पाचव्याच खेपेस काम फत्ते होते.

पडताळ्यासाठी तर लांबलचक भागाकारही नको. ६४१ म्हणजे ५ चा चौथा घात (६२५) अधिक २ चा चौथा घात (१६), म्हणून या बेरजेला २ च्या २८ व्या घाताने गुणून येणाऱ्या संख्येला ६४१ ने भाग जातो. दुसरीकडे ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १, म्हणून ६४० च्या चौथ्या घातातून १ वजा केल्यास उरणाऱ्या संख्येलाही ६४१ ने भाग जातो. पहिल्या संख्येतून दुसरी वजा केली की नेमकी २ चा ३२ वा घात अधिक १ ही संख्या उरते. इतकी देखणी सिद्धता अंकगणितात क्वचितच भेटते.

एखादी संख्या संयुक्त ठरली म्हणजे तिचे अवयवही कळले, हा समजही फसवा आहे. याच मालिकेतील २ च्या घातांकाच्या जागी २ चा २० वा घात असलेली संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे, पण तिचा एकही अवयव अद्याप ठाऊक नाही. पहिल्या पाचांपलीकडे मालिकेत मूळ संख्या आढळलेली नाही, मात्र ती असूच शकत नाही, असेही कोणी सिद्ध केलेले नाही.

हा सारा प्रकार केवळ अंकांची करमणूक आहे, असेही नाही. १७९६ मध्ये गाउसने सतरा समान बाजूंची सुसम बहुभुजाकृती पट्टी व कंपास यांनी काढता येते असे दाखवले आणि बाजूंची संख्या विषम असेल, तर ती फर्माच्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असावी लागते, हे पुढे स्पष्ट झाले. पाचही मूळ संख्यांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५ भरतो. तेवढ्या बाजूंची सुसम आकृती तत्त्वतः काढता येते, दोनच बाजू अधिक असलेली मात्र येत नाही.