दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत! घरात ‘नॅस’ घेण्याआधी हे वाचा

मालवण : मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेलं. विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली, मोबाईलची रेंजही गेली. त्याच पंधरवड्यात, १ जूनपासून, गुगल फोटोजवर कितीही फोटो फुकट ठेवण्याची सोय बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून फुकट जागा १५ जीबी. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण किनाऱ्यावरच्या घरांपुढं दोन्हींनी प्रश्न एकच ठेवला : आपले फोटो, व्हिडिओ आणि हिशेब ठेवायचे तरी कुठं?

तारकर्ली-देवबागात ज्यांच्याकडे निवास न्याहारी आहे, जे स्कूबाचे व्हिडिओ काढतात, लग्नाचे फोटो काढतात, त्यांना हा प्रश्न रोजचा आहे. फोर-के व्हिडिओ एका मिनिटाला साधारण २०० ते ४०० एमबी खातो. म्हणजे अर्ध्या तासाला सहा ते बारा जीबी. मोबाईल आणि लॅपटॉप भरायला एक हंगाम पुरतो. मग कुणीतरी सांगतं, ‘नॅस घे.’

नॅस म्हणजे काय?

नॅस म्हणजे वायफाय राउटरला वायरने जोडलेला छोटा डबा. आत एक, दोन किंवा जास्त हार्डडिस्क असतात. घरातले सगळे मोबाईल, लॅपटॉप, टीव्ही त्यावरच्या फाइल उघडू शकतात. मोबाईलमधले फोटो घरी आल्यावर त्यावर आपोआप उतरतात. इंटरनेट बंद असलं तरी राउटर आणि डबा सुरू असेल तर घरातल्या घरात काम चालतं. सिनॉलॉजी, क्यूनॅप अशा कंपन्यांचे तयार डबे मिळतात.

आधी गरज ओळखा

घरात एकच संगणक आणि एकच वापरणारा असेल तर नॅसची गरज नाही. बाहेरून जोडायच्या दोन यूएसबी हार्डडिस्क पुरतात.

दोघा-तिघांना अधूनमधून त्याच फाइल लागत असतील तर आधी राउटरमागे यूएसबीची जागा आहे का बघा. तिथं डिस्क लावता येते. वेग कमी मिळतो, पण जादा खर्च नाही.

जुना संगणक पडून असेल तर ओपनमीडियाव्हॉल्टसारखी फुकट प्रणाली टाकून त्याचाच नॅस करता येतो. मात्र वीजबिल धरा. दोन डिस्कचा तयार डबा साधारण २० वॅट घेतो, म्हणजे दिवसरात्र चालवला तर महिन्याला १४ युनिटच्या आसपास. जुना पीसी ५० वॅट घेत असेल तर ३६ युनिट.

रोजचं काम, तीन-चार माणसं आणि मोठे व्हिडिओ असतील तरच दोन डिस्कचा तयार डबा घ्यावा.

सगळ्यात मोठा गैरसमज

दोन डिस्कच्या नॅसमध्ये बहुतेक जण ‘रेड-१’ ही पद्धत निवडतात. एका डिस्कवर जे लिहिलं जातं तेच त्याच क्षणी दुसरीवर जातं. चार टीबीच्या दोन डिस्क घातल्या तरी जागा चारच टीबी मिळते. एक डिस्क मेली तर काम थांबत नाही, नवी घालता येते.

पण इथंच माणूस फसतो. पोराने चुकून फोल्डर पुसलं, तर ते दोन्ही डिस्कवरून पुसलं जातं. व्हायरसने फाइल कुलूपबंद केल्या, तर दोन्हीकडच्या होतात. वीज पडली, घरात पाणी शिरलं, चोरी झाली, तर डबाच जातो. दोन डिस्क हा आरसा आहे, दुसरी प्रत नव्हे. दुसरी प्रत म्हणजे वेगळ्या वस्तूत, एरवी वायर काढून ठेवलेली. आणि तिसरी प्रत घराबाहेर.

विकत घेताना काय बघायचं?

नेटवर्कचा पोर्ट गिगाबिट हवा, डब्याचाही आणि राउटरचाही. १०० जीबी व्हिडिओ गिगाबिटवर पंधरा-वीस मिनिटांत उतरतात, जुन्या १०० एमबीपीएसच्या पोर्टवर अडीच तास लागतात.

डिस्क ‘सीएमआर’ प्रकारची घ्या, ‘एसएमआर’ नको. दुसऱ्या प्रकारातली डिस्क स्वस्त असते, पण मोठं लिखाण सलग चालू राहिलं की फार मंदावते. पाकिटावर लिहिलेलं नसेल तर मॉडेल नंबर कंपनीच्या यादीत तपासा. निवडलेल्या डब्याला ती डिस्क चालते का, तेही बघून घ्या.

‘स्नॅपशॉट’ची सोय आहे का विचारा. चुकून पुसलेली फाइल कालच्या स्थितीतून परत आणता येते. कंपनी अपडेट किती वर्षं देणार आणि दुरुस्तीला डबा कुठं पाठवावा लागेल, हेही आधीच विचारा.

वीज, खारा वारा आणि पाणी

फाइल लिहिताना लाइट गेली तर डिस्कवरची नोंद बिघडू शकते. म्हणून यूपीएस हवाच, तोही यूएसबी वायरने नॅसला जोडता येणारा. लाइट गेल्याची खबर मिळताच नॅस स्वतःहून नीट बंद होतो. घरातला इन्व्हर्टर ही खबर देत नाही.

समुद्राकाठी लोखंडच काय, सर्किटचे टाकेही गंजतात. डबा खिडकीपाशी, पडवीत किंवा जमिनीवर ठेवू नका. हवाबंद कपाटातही नको, आत उष्णता साठते. आतल्या खोलीत, उंच फळीवर, चारी बाजूंनी हवा खेळेल असा ठेवा. वळवाच्या गडगडाटात प्लगबरोबर नेटवर्कची वायरही काढा. विजेचा झटका त्या वायरीतूनही येतो.

बाहेरून उघडा ठेवू नका

मुंबईला गेल्यावरही घरातले फोटो दिसावेत म्हणून कुणी राउटरमध्ये वाट उघडून देतो. ती वाट चोरालाही सापडते. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या जुन्या डिस्क इंटरनेटवरून रिकाम्या केल्या गेल्या. जगभरातल्या अनेकांचा वर्षानुवर्षांचा साठा गेला. कंपनीने त्यांचे अपडेट कधीचेच थांबवले होते. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ने क्यूनॅपच्या डब्यांतल्या फाइल कुलूपबंद करून खंडणी मागितली.

म्हणून अपडेट वेळच्या वेळी घ्या, ‘अ‍ॅडमिन’ हे तयार नाव बंद करा, पासवर्ड लांब ठेवा. बाहेरून बघायचंच असेल तर व्हीपीएन वापरा.

तिसरी प्रत चाकरमान्याकडे

घराबाहेरची प्रत क्लाउडवर ठेवता येते, पण हिशेब करा. १० एमबीपीएस अपलोड असेल तर एक टीबी चढायला न थांबता नऊ दिवसांहून जास्त लागतात. आपल्याकडे मध्ये लाइट आणि नेट किती वेळा जातं ते सगळ्यांना माहीत आहे.

त्यापेक्षा सोपी वाट कोकणात आधीच आहे. मुंबई-पुण्याचा चाकरमानी मे महिन्यात येतो आणि चतुर्थीला येतो. दोन यूएसबी डिस्क ठेवा : एक गावात, एक त्याच्या घरी. प्रत्येक फेरीला ताजी डिस्क त्याच्या बॅगेत द्या, जुनी परत घ्या. पासवर्डने कुलूप लावूनच द्या, म्हणजे गाडीत हरवली तरी परक्याला उघडणार नाही.

सातबारा पुन्हा ऑनलाइन काढता येतो, आधारही परत मिळतं. आजीचा आवाज किंवा पोराच्या बारशाचा व्हिडिओ पुन्हा मिळत नाही. आधी अशा गोष्टींची प्रत करा. उरलेलं नंतर.

आणि प्रत घेतली म्हणून स्वस्थ बसू नका. वर्षातून एकदा, आगोटीची कामं उरकताना, ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावा, चार जुने फोटो आणि एक व्हिडिओ उघडून बघा. उघडले तर प्रत खरी. नाही उघडले तर मूळ फाइल शाबूत आहेत तोवरच नवी डिस्क आणा.