मूत्रपिंडातील मूक दाह

मनुष्याच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. केशवाहिन्यांचा एकेक गुच्छ म्हणजे अशी एकेक गाळणी. रक्तातील पांढऱ्या पेशी एरवी रोगजंतूंशी लढतात. परंतु कधी कधी शरीर या पेशींविरुद्धच प्रतिपिंडे निर्माण करते. त्यामुळे बिथरलेल्या पेशी केशवाहिन्यांवर तुटून पडतात. वाहिन्यांच्या भिंती फाटतात आणि रक्त व प्रथिने मूत्रात उतरू लागतात.

मूत्रपिंडातील हा दाह बहुधा दुखत नाही, हेच त्याचे मोठे भय होय. थकवा, बारीक ताप, सांधेदुखी, नाकातून रक्त येणे, एवढेच रुग्णाला जाणवते. मूत्रातील रक्त पुष्कळदा डोळ्यांना दिसतही नाही. इकडे काही आठवड्यांतच मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

पूर्वी असे बहुतेक रुग्ण वर्षभरात दगावत. १९७० नंतरच्या दशकात स्टेरॉइड व सायक्लोफॉस्फामाइड यांच्या एकत्रित उपचाराने हे चित्र पालटले. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी आठ रुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडे नोंदविली. त्यांचा शोध घेणारी रक्तपरीक्षा आज निदानाला साहाय्य करते. २०१० मध्ये रिटुक्सिमॅब हे औषधही गुणकारी ठरल्याचे दिसून आले.

तथापि व्रण पडून नष्ट झालेली गाळणी कोणत्याही औषधाने पुन्हा निर्माण होत नाही. उपचार वाचवितो तो उरलेल्या गाळण्यांना. म्हणूनच ताप व थकवा कारणावाचून रेंगाळत असेल, तर मूत्राची साधी तपासणी आणि रक्तातील क्रिएटिनीनचे मापन लांबणीवर टाकू नये.