बाजार तोच, मग गाईडला पैसे कशाचे?



परवाच्या व्हिडिओत मी म्हणालो होतो की पुण्याची मंडई बघायला मी पैसे भरून गाईड घेतला. त्यावर आमच्या वरकुट्यात दोन दिवस माझी चेष्टा चालली होती. दुकानात साखर घ्यायला आलेले एक तात्या म्हणाले, "अरे, मंडई फिरायला पैसे? मी तुला फुकट फिरवून आणतो की!"

तात्यांचं चुकलं नाही. बीबीएला असताना मी पुण्यातच होतो, आणि दुकानासाठी माल आणायला आजही महिन्यातून एकदा तरी जातो. मंडई, तुळशीबाग, बोहरी आळी मला पाठ आहेत असंच मला वाटायचं. तरी मी पैसे भरले. कारण गाईडला नेमके पैसे कशाचे मिळतात, हे मला गिऱ्हाईक होऊन बघायचं होतं. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून आज सविस्तर लिहितो.

तीन तासांत काय घडलं

स्वारगेटला एसटीतून उतरलो, मेट्रोनं एकच स्टेशन, मंडई. सकाळी साडेआठला आम्ही सात जण जमलो. गाईड पंचविशीतल्या एक ताई होत्या. हातात झेंडा नाही, माईक नाही. पायात साधी चप्पल आणि खांद्याला कापडी पिशवी.

सुरुवात मंडईच्या इमारतीपासून झाली. ही इमारत 1886 मध्ये सुरू झाली, तेव्हा गव्हर्नरच्या नावानं तिला रे मार्केट म्हणायचे. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्यातून निघालेले आठ हात. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता. आणि पुढे याच मंडईला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. मी शंभर वेळा त्या मनोऱ्याखालून लिंबं घेतली असतील, पण मान वर करून बघितलं नव्हतं.

आता धंद्याच्या नजरेनं बघा. एवढी माहिती तर मोबाईलवरही सापडते. मग ताईंचं काम कुठे सुरू झालं? आम्ही आत शिरलो आणि ओट्यावरच्या मावशी स्वतःहून म्हणाल्या, "आलीस का गं? आज आंबेहळद चांगली आलीय." ताईंनी ती मोडून आमच्या हातात दिली. साध्या हळदीसारखी दिसते, पण वास कैरीचा. आमच्यातला एक नाशिकचा मुलगा वास घेतच राहिला. मग मावशींनीच लोणचं कसं घालायचं ते सांगितलं. ताई गप्प उभ्या होत्या. निघताना त्यांनी स्वतःच्या पैशानं पाव किलो घेतली.

पुढे तुळशीबाग. नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी पेशवाईत बांधलेलं राममंदिर आणि त्याच्या आजूबाजूला वाढलेला बाजार. देवाची भांडी, भातुकली, कानातली. तिथून रविवार पेठ ओलांडून कसब्यातली तांबट आळी. तिथे हातोडीच्या ठोक्यांनी भांड्याला चकाकी आणि बळकटी देतात, त्याला मठारकाम म्हणतात. कारागिरांचं काम चालू होतं. ताईंनी आम्हाला दाराबाहेरच थांबवलं. एकानं हातातलं भांडं पुरं केलं, मान हलवली, मग आम्ही आत गेलो.

तेव्हा मला उत्तर मिळालं. ताई आम्हाला जागा विकत नव्हत्या. जागा सगळ्यांचीच आहे. त्यांनी विकली ती त्यांची ओळख. ती ओळख कमवायला त्यांना किती सकाळी लागल्या असतील, याचा विचार करा.

जपानमध्येही हाच धंदा

हे फक्त पुण्यातलं खूळ नाही. जपानमध्ये बाजार आणि जुन्या पेठा गाईडबरोबर फिरणं हा चांगला चालणारा व्यवसाय आहे. तिथे अशा पेठांना शोतेंगाई म्हणतात. बऱ्याचशा वरून छप्पर घातलेल्या, दोन्ही बाजूंना छोटी दुकानं.

टोकियोच्या त्सुकिजीचं बघा. तिथला माशांचा मोठा घाऊक बाजार ऑक्टोबर 2018 मध्ये तोयोसूला हलवला. पण बाहेरची किरकोळ दुकानं आणि खाण्याच्या टपऱ्या जुन्या जागीच राहिल्या, आणि लोक आजही गाईड घेऊन तिथे फिरतात. आपल्याकडेही तसंच झालं ना? घाऊक भाजीबाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, मंडई जागेवर राहिली. घाऊक व्यापार गेल्यावर जुनी पेठ मरतेच असं नाही. तिला यायचं नवं कारण मिळालं तर ती टिकते.

दुसरी गोष्ट कायद्याची. जपानमध्ये पूर्वी पैसे घेऊन परदेशी पाहुण्यांना त्यांच्या भाषेत माहिती देत फिरवायला सरकारी परवाना लागायचा. जानेवारी 2018 पासून ती अट सैल झाली, विनापरवाना माणूसही पैसे घेऊन फिरवू शकतो. म्हणजे गृहिणी, निवृत्त शिक्षक, कॉलेजची मुलं, सगळ्यांना दार उघडलं.

पण तिसरी गोष्ट महत्त्वाची. क्योटोचं निशिकी मार्केट ही अरुंद गल्ली आहे, चारशे मीटरच्या आतबाहेर लांब, शंभरावर दुकानं. त्याला क्योटोचं स्वयंपाकघर म्हणतात. पर्यटक इतके वाढले की तिथल्या दुकानदारांनाच सांगावं लागलं, चालता चालता खाऊ नका, घेतलंत त्या दुकानासमोर उभं राहून खा. ओसाकाच्या कुरोमोन बाजारात बरीच दुकानं पर्यटकांच्या मागे गेली. 2020 मध्ये कोरोनानं परदेशी पाहुणे थांबले, आणि रोजचं गिऱ्हाईक तोवर कमी झालेलं. फार अवघड दिवस आले.

मी स्वतः दुकानदार आहे, म्हणून हे मला आतपर्यंत लागलं. पाहुणा वर्षातून एकदा येतो. रोज सकाळी अर्धा लिटर दूध नेणाऱ्यावर माझं दुकान चालतं.

माझी फजिती

आता माझी चूक सांगतो. मंडईचा अनुभव घेऊन मी एवढा भारावलो की पुढच्याच महिन्यात माझ्या बॅचमधल्या अकरा जणांना घेऊन एका आठवडी बाजारात गेलो. कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही. वेळ निवडली संध्याकाळी पाचची, म्हणजे ऐन गर्दीची.

एका भाजीवाल्या आजींसमोर आम्ही घोळका करून उभे राहिलो. मी बोलतोय, पोरं फोटो काढतायत. आजींनी दोन मिनिटं सहन केलं. मग म्हणाल्या, "बाबा, घ्यायचं नसंल तर सर की बाजूला. माझं गिऱ्हाईक मागं अडकलंय. मी काय जत्रेतली बाहुली हाय व्हय?"

मान खाली गेली माझी. मागे खरंच चार बायका पिशव्या घेऊन ताटकळत होत्या. आजींची मेथी सुकत होती, तिला संध्याकाळच्या दोन तासांतच विकायचं होतं. मी तिच्या धंद्यावर माझा धंदा उभा करत होतो आणि तिला त्यातून दमडीही मिळत नव्हती.

पुढच्या आठवड्यात मी एकटा गेलो. मेथीच्या चार जुड्या घेतल्या, माफी मागितली. आजी हसल्या नाहीत, पण म्हणाल्या, "दुपारी दोनला ये, तवा रिकामी असते." पैसे न देता मिळालेला एवढा चांगला सल्ला मी दुसरीकडे कुठे घेतलेला नाही.

हिशोब मांडू

आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावाप्रमाणे बदला.

समजा 8 जण, प्रत्येकी 500 रुपये. जमा 4000. चाखायच्या पदार्थांना माणशी 120, म्हणजे 960. दुकानदारांकडे तुमची स्वतःची खरेदी 200. येण्याजाण्याचे 240. बुकिंग वेबसाईटवरून आलं आणि तिनं 20 टक्के घेतले तर 800. हातात राहिले 1800.

आता त्याच दिवशी तीनच जण आले तर? जमा 1500. खाणं 360, खरेदी 200, प्रवास 240, वेबसाईट 300. हातात फक्त 400. म्हणून किमान किती माणसं झाली तर निघायचं, हे आधीच ठरवा आणि बुकिंग घेतानाच सांगा.

इथे बरेच जण शॉर्टकट मारतात. दुकानदाराकडून गुपचूप कमिशन. ग्रुपनं 3000 ची खरेदी केली, 10 टक्के घेतले, 300 मिळाले. पण ते 300 दुकानदार कुठून काढणार? भाव वाढवून. गिऱ्हाईकानं तीच वस्तू शेजारी स्वस्त बघितली की तुम्हीही गेलात आणि दुकानही गेलं. कमिशन घ्यायचंच असेल तर सुरुवातीलाच उघड सांगा. मंडईतल्या ताईंनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं होतं, "मी कोणाकडून काही घेत नाही, तुम्ही काही घेतलंच पाहिजे असंही नाही." गंमत म्हणजे त्यानंतर सातही जणांनी खरेदी केली.

आपल्याकडे काय आहे?

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे मंडई न् तुळशीबाग? अहो, भिगवण आहे ना! उजनीच्या पाण्यावर थंडीत रोहित पक्षी येतात. कुंभारगाव, डिकसळ भागातले मच्छीमार बांधव स्वतःच्या होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवतात, काहींच्या घरी जेवणही मिळतं. ही माणसं गाईड झालीच आहेत, आणि कोणत्याही कॉलेजात न जाता झालीत.

पण पाहुणा पक्षी बघतो, मासे खातो आणि हायवेला लागतो. भिगवणला इंदापूर बाजार समितीच्या उपबाजारात माशांचा लिलाव होतो. चिलापी, रोहू, कटला, मरळ, वाम, ढिगानं मांडलेली. बोली कशी लागते, आडत्याचं काम काय, चिलापी आणि मरळीच्या भावात फरक का, हे कोणी नीट समजावून सांगितलं तर शहरातला माणूस कान देऊन ऐकेल.

तुम्ही सुरू करणार असाल तर हे करा:

1. पहिला महिना एकट्यानं जा. रोज एकाच बाजारात, काहीतरी विकत घेत. नावं लक्षात ठेवा.
2. बाजार समिती आणि आडत्यांची परवानगी घ्या. लिलाव चालू असताना कोणाच्या मध्ये उभं राहायचं नाही.
3. रिकामी वेळ दुकानदाराला विचारा, तुम्ही ठरवू नका.
4. ग्रुप आठच्या आत ठेवा. फोटो विचारूनच.
5. पाच थांबे पुरे. प्रत्येक थांब्यावर बोलू दे त्या माणसाला, तुम्ही कमी बोला.
6. प्रत्येक फेरीत दुकानदाराच्या गल्ल्यात काहीतरी पडलंच पाहिजे.

सहावा मुद्दा वहीत मोठ्या अक्षरात लिहा. बाकीचे पाच त्याच्यासाठीच आहेत.

आणि हो, त्या आजींकडे मी परत गेलो होतो, या वेळी पाच जणांना घेऊन, दुपारी दोनला. आजींनी गावरान आणि संकरित कोथिंबीर हातात देऊन वासावरून ओळखायला लावली. पाचपैकी चार चुकले, त्यात मी पण. प्रत्येकानं दोन-दोन जुड्या घेतल्या. निघताना आजींनी मला विचारलं, "पुढच्या बाजारी किती जणं आणतोस?"

ज्या दिवशी तुम्हाला बाजारातून असा प्रश्न येईल, त्या दिवशी तुमचा धंदा सुरू झाला असं समजा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर गल्ला सांभाळा, गिऱ्हाईक त्याहून सांभाळा.