सहल श्रीलंकेची, सकाळ फुलपाखरांची

परदेशात जंगल पाहायचं म्हटलं की पहाटे चारला उठा, जीपमध्ये दाटीवाटीने बसा आणि तोंडातून शब्द काढू नका, असा सगळा जाच असतो. बरोबर दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असल्या, तर तो कुणालाच झेपत नाही. फुलपाखरांचं तसं नाही. उन्हात बसून पंखांचे स्नायू तापल्याशिवाय त्यांना नीट उडताच येत नाही, त्यामुळे पोटभर नाश्ता करून नऊ-साडेनऊला बाहेर पडलात तरी काही बिघडत नाही. मुलांच्या गप्पांनी ती बिचकत नाहीत. तुमची सावली अंगावर पडली, की मात्र उडालीच म्हणून समजा.

त्यासाठी मी श्रीलंका सुचवते, आणि त्याला कारण आहे. या छोट्या बेटावर फुलपाखरांच्या 240हून अधिक जाती आहेत. त्यांतल्या पुष्कळशा आपल्या कोकणातही दिसतात. थोड्या अशा, की जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. अगदीच अनोळखी देशात गेलं, की सगळीच फुलपाखरं नुसती ‘सुंदर’ दिसतात. इथे मात्र ओळखीच्या गर्दीत एखादा नवा चेहरा चटकन उठून दिसतो. चिपळूणला आमच्या परसात कढीपत्ता आहे. त्याच्या पानांवर कॉमन मॉर्मनच्या अळ्या वाढतात, त्या माझी मुलगी कळायला लागल्यापासून पाहते आहे. तोच मॉर्मन कँडीत भेटला तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

कँडीत बहुतेक सहली दंतमंदिर पाहतात आणि पुढे निघतात. त्या मंदिराच्या मागच्या टेकडीवरच उडावट्टकेले नावाचं राखीव जंगल आहे. सासूबाईंना घेऊन यांनी मंदिर गाठलं आणि आम्ही दोघी जंगलाच्या वाटेला लागलो. पण खरा खजिना आम्हाला त्याआधीच, गेस्टहाऊसच्या कुंपणावर फुललेल्या घाणेरीवर सापडला. तिथे काळ्या पंखांवर लाल ठिपके असलेली दोन फुलपाखरं मध पीत होती. लांबून दोन्ही अगदी सारखी. मुलगी वाकून म्हणाली, “आई, याचं अंग लाल आहे आणि त्याचं काळं.”

सगळी गंमत तिथेच आहे. लाल अंगाचं ते कॉमन रोझ. त्याच्या अळ्या ईश्वरीच्या कुळातल्या विषारी वेलींची पानं खातात आणि ते विष पुढे फुलपाखराच्या शरीरात टिकून राहतं. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. काळ्या अंगाची ती कॉमन मॉर्मनची मादी. तिच्यात विषाचा थेंब नाही, पण पंखांवर नक्षी रोझची. आल्फ्रेड रसेल वॉलेसने 1865 साली या माद्यांच्या सोंगाबद्दल लिहून ठेवलं होतं. एकाच जातीतल्या माद्या इतकी वेगवेगळी रूपं कशी घेतात, याचा उलगडा व्हायला मात्र 2014 साल उजाडलं. ‘डबलसेक्स’ नावाचं एकच जनुक हे घडवून आणतं, हे दाखवणाऱ्या संशोधनात आघाडीवर होते आपले कृष्णमेघ कुंटे, ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’ लिहिणारे. कँडीच्या कुंपणापाशी उभं राहून मुलीला हे सांगताना मला फार अभिमान वाटला.

आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मनही श्रीलंकेत भेटतं. दक्षिण भारत आणि श्रीलंका हेच त्याचं घर. पण त्या सकाळी सगळ्यांवर कडी केली ती श्रीलंकन बर्डविंगने. हे तिथलं राष्ट्रीय फुलपाखरू, आणि फक्त तिथलंच. पंख पसरले की 15 सेंटीमीटरच्या पुढे. पुढचे पंख काळेभोर, मागचे झेंडूच्या फुलासारखे पिवळे. मध पिताना ते फुलावर पूर्ण भार टाकत नाही. मागचे पंख जवळजवळ स्थिर आणि पुढचे सतत थरथरत, त्यामुळे फोटोत पुढचे पंख हमखास पुसट येतात. कॅमेऱ्याचा शटरवेग वाढवा, नाहीतर सरळ व्हिडिओ घ्या. दुर्बीण घेणार असाल तर दीड-दोन मीटरवरचंही स्पष्ट दिसेल अशी बघून घ्या. पक्ष्यांसाठीच्या बऱ्याच दुर्बिणी इतक्या जवळ कामाला येत नाहीत.

बेटाच्या डोंगराळ भागात दिवाळीच्या सुट्टीत दुपारी ढग भरून येतात, म्हणून सकाळ वाया घालवू नका. पेरादेनियाची वनस्पती बाग 59 हेक्टरांची आहे, रस्ते सपाट आहेत. सासूबाई तिथे न थकता आमच्याबरोबर हिंडल्या. ओढ्याकाठची ओली वाळू दिसली की थांबा. तिथे नर जमून मातीतले क्षार शोषत बसतात. त्यातलं सोडियम मिलनाच्या वेळी मादीला मिळतं.

वेळ असेल तर सिंहराजा. 1988 पासून जागतिक वारसा असलेल्या या वर्षावनात सिलोन रोझ आहे, आपल्या सह्याद्रीतल्या मलबार रोझचं जवळचं नातलग आणि आज अत्यंत धोक्यात आलेलं. जळवांपासून वाचायला लांब मोजे हवेतच.

आणि मुलांच्या हातात जाळी किंवा बरणी देऊ नका. श्रीलंकेत याबाबतचा कायदा कडक आहे, आणि तो तसाच असायला हवा. ‘याला’ नावाच्या राष्ट्रीय उद्यानात बरण्यांमध्ये शेकडो कीटक गोळा करताना सापडलेल्या दोन इटालियन पर्यटकांना 2024 साली 6 कोटी श्रीलंकन रुपयांचा दंड झाला. फोटो मात्र हवे तितके काढा; पंख उघडलेला एक आणि मिटलेला एक असे दोन तरी हवेत, कारण पुष्कळ जातींची ओळख पंखांच्या खालच्या बाजूवरूनच पटते.