पेन्सिलीची रेघ आणि संगणकाची शाई

चित्र काढणें निराळें आणि तें छापण्याजोगें करणें निराळें, हा धडा आम्ही शाळेच्या वार्षिक अंकापायीं शिकलों. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळांतून श्रीकृष्णानें रुक्मिणीचें हरण केलें, अशी आमच्या वऱ्हाडांत परंपरा आहे. त्या कथेवर आम्हीं सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं पेन्सिलीनें बारा चित्रें काढिलीं. परंतु ठसे करणाऱ्यानें तीं परत पाठविलीं. जस्ताच्या रेषाठशास करडा रंग कळत नाहीं. रेघ निखळ काळी असेल तेथेंच धातु उंच राहतो, बाकीचा आम्लानें झिजतो. सबब पेन्सिलीवर शाई फिरविणें अवश्य होतें. आम्हीं टाक उचलला, आणि पहिल्याच चित्रांत रुक्मिणीच्या गालावर शाईचा थेंब पडला! उरलेलीं अकरा चित्रें पेटींत गेलीं.

गतवर्षीं अकोल्याहून पुतण्याच्या कन्येनें तीं चित्रें मागितलीं. आम्ही बडनेऱ्यास गाडींत बसलों आणि पेटी घेऊन तिच्या घरीं गेलों. 1996 सालीं प्रथम लोकांपुढें आलेली ‘जिम्प’ ही विनामूल्य चित्रप्रणाली ती वापरते. तिनें प्रत्येक चित्र इंचास 600 बिंदू या प्रमाणानें स्कॅन केलें, कागदाचा पिवळेपणा घालविला आणि पेन्सिलीच्या रेघा फिकट केल्या. त्यांवर एक पारदर्शक थर ठेविला. लहानपणीं आपण चित्रावर पातळ कागद ठेवून गिरवीत असूं, तसाच. शाई फिरावयाची ती याच थरावर. टॅब्लेटवरील लेखणी दाबावी तशी रेघ जाड होते, चूक झाल्यास परत घेतां येते, आणि शेवटीं पेन्सिलीचा थर झांकला कीं निखळ काळें चित्र उरतें. तें ‘जेपेग’मध्यें न ठेवितां ‘पीएनजी’मध्यें ठेवावें, पहिल्या प्रकारांत रेघांच्या कडा गढूळ होतात.

इतकें सर्व यथासांग होऊनहि पहिलें चित्र पाहून आमचें मन खट्टू झालें. रथांतील रुक्मिणी देखणी होती. पण आमची नव्हती. तिच्या मानेपाशीं पेन्सिलीच्या पांचसहा रेघा होत्या. मुलीनें त्यांतील सर्वांत स्पष्ट रेघ धरिली होती, आणि रेघ गुळगुळीत करण्याची सोय चालू ठेविली होती.

“अगं, ही माहेराकडे वळून पाहतच नाहीं,” आम्ही म्हणालों.

ती क्षणभर थांबली. “आजोबा, यांतली खरी रेघ कोणती?”

हाच खरा प्रश्न होय. विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्रांत सांगितलें आहे कीं, सामान्य जन रंगांच्या विपुलतेवर भुलतात, आचार्य मात्र रेषेची प्रशंसा करितात. यंत्र चूक पुसूं देतें. परंतु पांच रेघांतून एक निवडण्याचें काम तें करीत नाहीं. तें कथा जाणणाऱ्यासच करावें लागतें. आम्हीं सर्वांत फिकट रेघेवर बोट ठेविलें. तिनें गुळगुळीतपणा बंद करून ती मान पुनः काढिली, आणि रुक्मिणी वळली.

ज्या वाचकांच्या घरीं वडीलधाऱ्यांच्या चित्रांच्या वह्या असतील, त्यांनीं पेन्सिल पुसट होण्यापूर्वीं त्यांची प्रत करून ठेवावी, मूळ कागद जपावा, आणि चित्रकार हयात असेल तर त्यास शेजारीं बसवून शाई फिरवावी.

अखेरीस तिनें लेखणी आमच्या हातीं दिली. “डोळे तुम्हींच काढा.” आमचा हात आतां कांपतो. दोनदां रेघ वांकडी गेली, दोनदां तिनें ती परत घेतली. तिसऱ्या खेपेस डोळा उमटला. आणि या वेळीं गालावर थेंब पडला नाहीं.